खुशीची साडी

लिंबायत, सुरत
७ जुलै २०२४

चि. तारास तुझ्या मायचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू म्हणशील, फोन सोडून मायनं पत्र कसं काय लिहिलं. तर फोन स्वातीचा, आणि तो लावला की ती भाजी निवडत शेजारीच बसते. माझं बोलणं आधी तिच्या कानात जातं, मग उरलंसुरलं तुझ्याकडे येतं. सून वाईट नाही, पण कान तिखट. दुसरं म्हणजे विहारातल्या वर्गात आम्ही सात म्हाताऱ्या शिकलो, त्यात जोडाक्षरं सगळ्यात आधी मलाच आली. मॅडम म्हणाल्या, आनंदीबाई, आता लिहीत राहा, नाहीतर विसराल. मग लिहू कोणाला? सिंधूबाईला लिहावं तर ती समोरच्याच खोलीत राहते, आणि तिला अजून 'क' सुद्धा धड येत नाही. चार दिवसांत वर्ग सोडला तिनं, म्हणे पाठ दुखते. पाठीनं लिहायचं असतं का?

तर मुख्य गोष्ट. तुझी विशाखा कमावती झाली! तेरा वर्षांचं लेकरू, पण अक्कल तीस वर्षांची.

झालं असं, की आठवीची सहल डिसेंबरात सापुताऱ्याला जाणार. नऊशे रुपये. धम्मरत्ननं ऐकून घेतलं आणि आंघोळीला गेला. बारा तास माग चालवून आलेला माणूस, त्याला तरी काय बोलावं. खोलीभाडं वाढलंय, त्याची स्वतःचीही दोन आहेत. विशाखा रडली नाही. म्हणाली, मामा, मी माझे मी आणीन. तुझ्याकडे मागायला पण तिनं मला मनाई केली, म्हणून हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नको.

आधी तिनं पहिलीतली दोन पोरं शिकवायला घेतली. त्यांच्या आईनं महिनाअखेर पैशाऐवजी वाटीभर कुरडया दिल्या. मग मेंदी काढली, हाताचे वीस रुपये. हात सुंदर आहे तिचा, पण मेंदीला सण लागतो, लग्न लागतं. आता मात्र बारमाही काम मिळालंय. गल्लीच्या तोंडाशी उषाबाई राहते, ती मार्केटातून साड्यांचं पोटलं आणते आणि घरोघर वाटते. काठाला आणि पदराला गोंदानं खडे चिकटवायचे. साडीला बारा रुपये. शाळेतून आली की विशाखा दारात पाट टाकून बसते, आणि काडीच्या टोकानं खडा असा उचलते की चिमणीनं दाणा टिपावा. मी बघतच बसते. उषाबाई आपली मेहकरकडची आहे. परक्याच्या दारात नाही गेली पोरगी.

तू चिखलीला पन्नास मुलींच्या पोळ्या लाटतेस आणि तुझी लेक इथं स्वतःच्या हिमतीवर सापुताऱ्याला जाणार. मला तर काल झोपच आली नाही आनंदानं.

तुझी माय, आनंदी

—

चिखली
२२ जुलै २०२४

प्रिय मायस, ताराचा जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. वसतिगृहातल्या मुलींना दाखवलं, त्यांना खरंच वाटेना.

विशाखाचं ऐकून बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. ते काम मला माहीत आहे. तू कारखान्यात जायचीस तेव्हा एक वर्ष मीही केलं आहे. तीन गोष्टी सांगते, तेवढ्या तिच्याकडून करून घे. तासाभरापेक्षा जास्त बसू देऊ नको, मान धरते. पैसे दर शनिवारी हातात घ्यायचे, साठवून देते म्हटलं तरी ठेवायचे नाहीत. आणि साडी घेताना पूर्ण उलगडून, उजेडासमोर धरून बघायची. नुसते काठ आणि पदर नाही, सगळी. मधला भाग सुद्धा. देणाऱ्याच्या समोर बघायची.

ही तिसरी गोष्ट विसरू नको.

मला तिनं मागितलं नाही याचं वाईट वाटलं. पण तिला सांगत नाही.

तारा

—

लिंबायत, सुरत
९ ऑक्टोबर २०२४

चि. तारास जय भीम आणि आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नको. मध्ये खाडीचं पाणी गल्लीत आलं होतं, सगळं माळ्यावर चढवून बसलो होतो. धम्माच्या धाकट्याला ताप आला. मग तो उतरला तर स्वातीला आला. पण आता सगळं ठीक आहे आणि माझ्याकडे सांगायला एवढं आहे की पान पुरायचं नाही.

तू उलगडून बघायला सांगितलंस, ते मी विशाखाला सांगितलं. ती म्हणाली, आजी, तिथं वीस जणी रांगेत उभ्या असतात, सहा वाराची साडी कुठं पसरू? आणि उषाबाई म्हणते, माझ्यावर भरवसा नसेल तर दुसरीकडे जा. बरोबरच आहे ना. आपल्या माणसावर असा संशय घेतलेला बरा दिसत नाही.

आणि बघ, भरवशाचं फळ कसं मिळालं. ऑगस्टात उषाबाई स्वतः घरी आली, हातात घडी केलेली साडी. मोतिया रंगाची, खडे विशाखानंच लावलेले. म्हणाली, ही ठेवा. मी म्हटलं, कशी काय बाई? ती म्हणाली, विशाखाच्या कामातली आहे. एवढंच बोलली. मोठ्या मनाचा माणूस जास्त बोलत नाही. विशाखा गप्प उभी होती. मला वाटलं, लाजली. मी उषाबाईला चहा दिला, सोबत बेसनाचा लाडू दिला, आणखी दोन पुडीत बांधून दिले.

मग तिनं वही काढली, घरातल्या मोठ्या माणसाची सही पाहिजे म्हणाली. स्वाती पुढं झाली. मी म्हटलं, थांब. घरात मोठी मी आहे. वहीत गुजरातीत लिहिलेलं होतं, ती डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं. पण तुला सांगते तारा, त्यातलं 'साडी' मला वाचता आलं! 'साडी १' एवढं मी मोठ्यानं वाचलं तेव्हा स्वातीचे डोळे मोठे झाले. मग मी खाली सही केली. आनंदी बळीराम. आजवर रेशनला, बँकेत, तुझ्या बाच्या दवाखान्यात सगळीकडे अंगठाच दिला. चारचौघांत पहिली सही ही. उषाबाई म्हणाली, आजी, छान करता सही. दारात सिंधूबाई उभी होती, तिनं सगळं पाहिलं.

सप्टेंबरात दुसरी साडी आली, परवा तिसरी. प्रत्येक वेळी सही मीच केली. मजुरीचे पैसे उषाबाईकडेच आहेत, सहलीच्या वेळी एकदम घेऊ म्हणते विशाखा. वर या तीन साड्या खुशीच्या! बाजारात एकेकीला साडेचारशे पडतात. मी पहिली नेसून विहारात जाऊन आले. दुसरी तुला पाठवते आहे. आपला पंडित लग्नाला गावी चाललाय, त्याच्याबरोबर दिली आहे. लेकीच्या कमाईची साडी आहे, कपाटात ठेवू नको, नेस.

विशाखा थोडी बारीक झाली आहे. बोलतही कमी. वय आहे.

तुझी माय, आनंदी

—

चिखली
१८ नोव्हेंबर २०२४

मायस जय भीम.

साडी मिळाली. पंडितनं आणून दिली त्या दिवशीच उलगडली, वसतिगृहाच्या गच्चीवर दोरीला टाकून. मधल्या भागात, निऱ्या येतात तिथं, हाताच्या पंजाएवढा काळा तेलाचा डाग आहे. तो धुण्यानं जाणार नाही. मी नीळ लावून, रॉकेल लावून पाहिलं.

माय, ही खुशीची साडी नाही. हिला डॅमेज म्हणतात. साडी खराब झाली की ज्याच्या हातची, त्याच्या गळ्यात घालतात आणि तिची किंमत मजुरीतून कापतात. साडेचारशे म्हणजे विशाखानं जवळजवळ चाळीस साड्या फुकट केल्या. तीन आल्या आहेत. तिचे सहलीचे पैसे उषाबाईकडे जमलेले नाहीत. ते संपले.

आणि डाग विशाखाचा नाही. गोंदाचा डाग पांढरा पडतो, कडक होतो. हे मागाचं तेल आहे. खडे लावणारी काठ आणि पदर उघडते, मधल्या घडीला हातही लावत नाही. म्हणजे साडी आली तेव्हाच डागाळलेली होती. मार्केटातून असल्या चार-दोन साड्या स्वस्तात येतात. उषाबाई त्या पोटल्यात मिसळते आणि लहान पोरींना देते, कारण मोठ्या बायका उलगडून बघतात.

तू विचारशील, तुला एवढं कसं माहीत. तुला आठवते ती हिरवी साडी? मी चौदा वर्षांची होते. शेठाणीनं खूश होऊन दिली असं मी तुला सांगितलं होतं. तू ती राजूबाईच्या लग्नात नेसलीस, सगळ्यांना सांगत होतीस, माझ्या तारानं आणली. मी मांडवात तुझ्या मागं मागं फिरत होते, डाग पदराखाली राहतो का ते बघत. त्या वर्षी मला पुस्तकं घ्यायची होती. नववीला मी गेले नाही, तुला वाटलं मला शिकायची आवड नाही.

विशाखानं तुला का सांगितलं नाही, ते मला विचारू नको. तिला विचार.

धम्माच्या फोनवर नऊशे पाठवले आहेत, तिला सहलीला जाऊ दे. पण तिची मजुरी सोडू नको. उषाबाईकडे जा, साड्या घेऊन जा, डाग दाखव.

तारा

—

लिंबायत, सुरत
२६ डिसेंबर २०२४

तारास.

पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं. एकदा कळलं नाही म्हणून आणि एकदा कळलं म्हणून.

मी दोन्ही साड्या घेऊन उषाबाईकडे गेले. मधली तुझ्याकडे. दोन्ही तिच्या दारात पसरल्या. एकीला तसाच तेलाचा डाग, दुसरीचं सूत मधोमध, निऱ्यांत दडतं तिथं, हातभर तुटलेलं. मी नेसून विहारात गेले होते ती हीच. उषाबाई रागावली नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाली, आजी, तुमचा मुलगा मागावर आहे ना? त्याच्या हाताचं तेल लागलं असेल. मी म्हटलं, तो तर साडीला शिवत नाही. ती म्हणाली, ते तुम्ही म्हणता, मी कुठं बघायला आले. मी म्हटलं, तू मेहकरची, आपल्यातली, आणि लेकराच्या पैशावर? तर म्हणाली, मला शेठ काय मेहकरची म्हणून सोडतो का.

मग वही काढली. तिन्ही पानं दाखवली. तिचा मुलगा योगेश तिथंच होता, त्यानं वाचून दाखवलं. 'डॅमेज साडी १ मिळाली, मजुरीतून वजा, कबूल.' खाली आनंदी बळीराम. तीनदा. तिसऱ्यांदा तर मी नावाखाली रेघ पण ओढली होती.

उषाबाई म्हणाली, आजी, जबरदस्ती केली का मी? लाडू पण तुम्हीच दिले होते.

घरी आले. विशाखा पाटावर बसली होती. मी तिला विचारलं, तुला गुजराती वाचता येतं, शाळेत शिकवतात, वहीत काय लिहिलंय ते तुला दिसलं नाही? तिनं काडी खाली ठेवली नाही. म्हणाली, "आजी, तू पहिल्यांदा सही करत होतीस. सगळे बघत होते. मी काय बोलणार?"

मी म्हटलं, दुसऱ्या वेळी तरी. ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी तू सिंधूआजीला बोलावून आणलं होतंस."

तारा, मला वाटलं होतं ती लाजली.

तुझे नऊशे धम्मानं तिच्यासमोर धरले. तिनं घेतले नाहीत. आईचे नकोत, माझे आहेत ते पाहिजेत, एवढंच म्हणत राहिली. स्वातीनं समजावलं, मी रडून पाहिलं. एकवीस तारखेला सकाळी शाळेची बस सापुताऱ्याला गेली. विशाखा त्या दिवशी कामाला बसली नाही, भांडी घासली, माझं डोकं विंचरून दिलं. दुपारी उठून उषाबाईकडे गेली. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, माझे पैसे घ्यायला. संध्याकाळपर्यंत आली नाही. आली तेव्हा हातात पैसे नव्हते, पण तोंडावर काहीतरी ठरवलेलं होतं. विचारलं तर म्हणे, होईल.

तुझे नऊशे धम्मा परत पाठवतोय.

हिरव्या साडीचं मला आठवतं. मी त्या लग्नात फार मिरवले होते.

आनंदी

—

चिखली
८ जानेवारी २०२५

माय,

तू रडू नको. तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो जुना आहे, तुझ्या सहीचा नाही.

तिला सांग, गेलेली मजुरी सोडून दे आणि पाट उचलून ठेव. वसतिगृहाच्या बाईंशी बोलले आहे. कोठीशेजारची खोली रिकामी होणार आहे. परीक्षा झाली की एप्रिलमध्ये मी येते आणि तिला घेऊन जाते. नववी इथं करील. तिनं काही कमावायला नको. तिला हेच वाचून दाखव.

तारा

—

लिंबायत, सुरत
१६ मार्च २०२५

चि. तारास आशीर्वाद.

तुझं पत्र विशाखाला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, आईला सांग, येऊन भेटून जा, पण मला न्यायला येऊ नको. मी इथंच नववीला जाणार, फी माझी मी भरणार. पैसे आले का, म्हणून विचारशील. आले. तिनं माझ्यासमोर नोटा ठेवल्या, नऊशेपेक्षा जास्त होत्या. स्वातीनं उघड कौतुक केलं. धम्मा म्हणाला, भाची माझ्यापेक्षा हुशार निघाली. मला सुद्धा पहिले दोन दिवस आनंदच झाला, खोटं का सांगू. मागच्या पत्रापासून घरात कोणी हसलं नव्हतं.

कसे आले ते मला नंतर कळलं. सहलीच्या दिवशी ती उषाबाईकडे गेली होती ना, तेव्हा भांडली नाही. म्हणाली, माझी मजुरी देत नसाल तर देऊ नका, मला वाटपाचं काम द्या. उषाबाईचे गुडघे गेलेत, तिला कोणीतरी पाहिजेच होतं. आता विशाखा खडे लावत नाही. शाळेतून आली की आमच्या आणि मागच्या गल्लीतल्या नऊ पोरींना साड्या वाटते, झालेल्या गोळा करते. साडीमागं दोन रुपये तिला. पाट माळ्यावर टाकलाय. मान दुखत नाही. वही तिच्याकडेच असते, आणि अक्षर उषाबाईपेक्षा चांगलं आहे.

त्या नऊ पोरींत सिंधूबाईची नात आम्रपाली आहे. अकरा वर्षांची. तिला रंगपेटी घ्यायची आहे, चाळीस रंगांची.

काल दुपारी मी वाटाणे सोलत होते. विशाखा समोरच्या खोलीत गेली, हातात घडी केलेली साडी, वर वही. मला इथून सगळं दिसत होतं. ती काही जास्त बोलली नाही. साडी दिली, वही पुढं केली, शाईचा डबा उघडून धरला. सिंधूबाईनं अंगठा उठवला; आमच्या साड्या डॅमेज होत्या हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आम्रपाली दाराला टेकून उभी होती, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. कशी उभी होती ते मी नीट पाहिलं. या वेळी मला ती लाजल्यासारखी वाटली नाही.

विशाखा घरात आली. मी विचारलं, पोटल्यात ती साडी कोणी घातली, उषाबाईनं का तू? ती म्हणाली, "उषामावशी महिन्याला तीन देते. कोणाला तरी द्याव्याच लागतात." मी म्हटलं, आम्रपालीलाच का? ती म्हणाली, "बाकीच्या आठ जणींच्या घरी वाचता येतं."

मी वाटाणे तसेच ठेवून उठले. म्हटलं, आत्ता जाते आणि सिंधूबाईसमोर उलगडून दाखवते, उजेडात धरून, तुझ्या आईनं मला सांगितलं होतं तसं. तेवढ्यात सिंधूबाई स्वतःच दारात आली. साडी खांद्यावर टाकलेली, हातात ताटली. म्हणाली, आनंदीबाई, तुझ्या नातीचे उपकार झाले, एवढ्याशा पोरीला खुशीची साडी मिळाली, आधी तुझं तोंड गोड करते. आता विहारात दोघी नेसून जाऊ.

मी साडीला हात लावला. घडी जाड होती. डाग कुठं असतो ते आता मला माहीत आहे, बोटानं दोन घड्या उलटल्या असत्या की झालं असतं. विशाखा माझ्या मागं उभी होती. ती मला अडवायला पुढं आली नाही. हळूच म्हणाली, "आजी, माझी नववी आहे."

मी हात मागं घेतला. सिंधूबाईनं पेढा पुढं केला, तो मी खाल्ला.

तू एप्रिलमध्ये ये. ती नको म्हणाली तरी ये.

तुझी माय, आनंदी